सिंदखेडराजा ते पाचाड : एका आजीच्या मागावर

पहिला दिवस : सिंदखेडराजा

जिजाऊंच्या जयंतीला, म्हणजे १२ जानेवारीला, सिंदखेडराजात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून आम्ही मुद्दामच जयंती उलटून गेल्यावर छत्रपती संभाजीनगरहून निघालो. आम्ही म्हणजे मी, माझी थोरली बहीण आणि तिचा चौथीत शिकणारा नातू. मुलगा आणि सून दोघेही नोकरीवर असल्यामुळे या नातवाचे जेवणखाण, अभ्यास आणि दुखणीखुपणी ताईच सांभाळते. चौथीच्या वर्षी आपल्याकडे मुले शिवाजी महाराजांचा इतिहास शिकतात, तेव्हा तो त्याला जागेवर नेऊन दाखवावा, ही मूळ कल्पना तिची. त्यात थोडी भर माझी होती. जिजाऊंची ठिकाणे त्यांच्याच आयुष्याच्या क्रमाने पाहावीत आणि शिवरायांची आई एवढ्यावर न थांबता शंभूराजांची आजीही कुठे भेटते का ते पाहावे, असे मी सुचवले. आईवेगळ्या झालेल्या दोन वर्षांच्या नातवाला सतरा वर्षांचा युवराज होईपर्यंत ज्या बाईने वाढवले, तिच्या आयुष्यातली ती वर्षे आपण फार घाईने उलटतो, असे मला कित्येक वर्षे वाटत आले आहे.

समृद्धी महामार्गावरूनही सिंदखेडराजाला उतरता येते, पण आम्ही जालन्यावरून जाणारा जुना रस्ता धरला, कारण लखुजीराव जाधवांचा वाडा त्याच रस्त्याच्या कडेला आहे. वाड्याचे प्रवेशद्वार दुरूनच नजरेत भरते. जयंतीच्या मंडपाचे बांबू अजून उतरवले जात होते, सुतळीचे तुकडे आणि चुरगळलेली पत्रके जागोजाग पडली होती. दरवाजातून आत गेल्यावर मात्र उरले आहे ते मुख्यतः जोते, भिंतींचे ठसे आणि तळघरातल्या खोल्या. जिजाऊंचा जन्म १५९८ सालचा, पौष पौर्णिमेचा. जन्माची जागा आत दाखवली जाते. आमच्या पुढे नऊवारीतली एक बाई होती. तिने उंबऱ्याला हळदकुंकू लावले, पदर सावरला आणि दोन्ही हात जमिनीला टेकवून नमस्कार करून ती कोणाशी न बोलता निघून गेली. माहितीफलक तिने वाचला नाही, आणि तिला त्याची गरजही नसावी.

लखुजीराव हे निजामशाहीतले मातब्बर सरदार. सिंदखेडचे हे जाधव आपले कूळ देवगिरीच्या यादवांशी जोडत. गावात रंगमहाल आहे, आणि रंगपंचमीला लहानग्या शहाजी-जिजाऊंना एकमेकांवर रंग उडवताना पाहून लखुजीरावांनी जोडा शोभतो असे म्हटले आणि मालोजी भोसल्यांनी ते शब्द तिथल्या तिथे पकडले, ही बखरीतली गोष्ट तिथे हमखास ऐकायला मिळते. इतिहासकारांचा तिच्यावर फारसा विश्वास नाही. माझाही नाही, पण गोष्ट इतकी घरगुती आहे की सांगणाऱ्याला थांबवावेसे वाटत नाही.

दुपारनंतर लखुजीरावांच्या समाधीवर गेलो. चौरस तळाची, घुमटाची ही भव्य वास्तू या गावातली सर्वांत गंभीर जागा आहे. २०२४ साली समाधीच्या संवर्धनाचे काम चालू असताना परिसरात जमिनीखाली शेषशायी विष्णूची मोठी, अत्यंत देखणी शिल्पमूर्ती सापडली, तेव्हा हे ठिकाण वर्तमानपत्रांत आले होते. एरवी इथे फारसे कोणी येत नाही. जयंतीचा लोंढा वाड्यापाशी थांबतो. ज्या घटनेने जिजाऊंचे माहेर एका दिवसात उजाड केले, तिची खूण मात्र ही आहे. ती घटना जिथे घडली ते ठिकाण आमच्या दुसऱ्या दिवसाच्या वाटेवर होते. मोती तलाव उतरत्या उन्हात पाहिला आणि रात्री संभाजीनगरला परतलो.

दुसरा दिवस : दौलताबाद, वेरूळ आणि जुन्नरचा रस्ता

दौलताबादचा किल्ला आम्ही बहुतेक जण शाळेच्या सहलीत पाहतो आणि लक्षात ठेवतो ती अंधारी नावाची काळोखी भुयारी वाट, खंदक आणि तोफा. ताईच्या नातवालाही अंधारीतच रस होता. मी मात्र खालच्या कोटातच रेंगाळले. २५ जुलै १६२९ रोजी निजामशहाने लखुजीरावांना दरबारात बोलावून घेतले आणि तिथे त्यांची, त्यांच्या अचलोजी व राघोजी या मुलांची आणि यशवंतराव या नातवाची हत्या करवली. बाप, दोन भाऊ आणि भाचा, एका दिवसात. माहेरची उरलेली माणसे पुढे मुघलांच्या आश्रयाला गेली.

शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. तारखा शेजारी शेजारी मांडल्या तर ही बातमी आली तेव्हा जिजाऊंना दिवस गेलेले होते, दोन-अडीच महिने झाले असतील. हा हिशेब मी ताईला सांगितला, तेव्हा ती बराच वेळ चांदमिनाराकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "ओटभरणाला माहेरचं कुणी यायचं, तर ते असं." पुस्तकात हा प्रसंग निजामशाहीच्या ऱ्हासाचे कारण म्हणून येतो. शहाजीराजे निजामशाहीपासून दुरावले ते यानंतरच, त्यामुळे ते बरोबरच आहे. पण तेवढे सांगून झाले की एक गरोदर बाई त्या परिच्छेदातून नाहीशी होते.

वेरूळला आम्ही लेणी पाहण्याचा मोह टाळला. भोसले हे वेरूळचे पाटील. घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार मालोजींनी केला आणि आजचे मंदिर नंतर अहिल्याबाई होळकरांनी बांधवले. दर्शनाच्या रांगेत बराच वेळ गेला आणि मनात फारसे काही उमटले नाही. सासर म्हणून या गावाशी जिजाऊंचा संबंध आहे, पण त्यांचे आयुष्य इथे घडले नाही.

पुढचा सगळा दिवस गाडीत गेला. अहिल्यानगर, भाळवणी, टाकळी ढोकेश्वर करत आळेफाट्याला पोहोचायला अंधार पडला. त्या भागात आल्यावर मासवडी-भाकरी न खाता पुढे जाणे बरे नव्हे. ताईने पहिल्या घासानंतर सारणात खसखस कमी असल्याचे जाहीर केले आणि दुसरी वाढून घेतली. जुन्नरला मुक्काम केला.

तिसरा दिवस : शिवनेरी आणि पुणे

शिवनेरीला सकाळी लवकर चढायला लागलो. पायऱ्या चांगल्या आहेत आणि एकामागून एक दरवाजे लागत जातात, त्यामुळे चढ जाणवत नाही असे म्हणतात. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांना तो जाणवतो. ऊन कोवळे होते आणि ताईचा नातू प्रत्येक दरवाजाचे नाव मोठ्याने वाचत पुढे पळत होता. हत्ती दरवाजाशी थांबून त्याने, यातून खरोखर हत्ती येत होते का, असे एका पहारेकऱ्याला विचारले. त्या गृहस्थांनी गंभीरपणे, "रोज येत नसत," असे उत्तर दिले.

गडावर शिवाई देवीचे मंदिर आहे. गंगा-जमुना टाकी, अंबरखाना, बदामी तलाव हे सगळे पाहत आम्ही शिवजन्मस्थानाच्या इमारतीत आलो. खालच्या खोलीत पाळणा मांडला आहे आणि तिथे बोलताना सगळ्यांचाच आवाज आपोआप खाली येतो. मला त्या खोलीत उभे राहून एका नात्याची आठवण झाली. शिवनेरीचा कारभार तेव्हा विश्वासरावांकडे होता आणि विश्वासरावांची मुलगी जयंतीबाई ही जिजाऊंच्या थोरल्या मुलाला, संभाजीराजांना दिली होती. म्हणजे माहेर उद्ध्वस्त झालेली ही बाई बाळंतपणासाठी राहिली ती थोरल्या लेकाच्या सासरी, व्याह्यांच्या भरवशावर. सुरक्षित गड, घरातलेच म्हणता येतील असे किल्लेदार आणि आसपास चाललेली पळापळ, अशा स्थितीत शहाजीराजांनी काढलेला हा मार्ग शहाणपणाचा होता. तरीही व्याह्यांच्या घरी बाळंतीण म्हणून राहणे म्हणजे काय, हे कोणत्याही मराठी बाईला समजावून सांगावे लागणार नाही.

शेजारीच शिवकुंज आहे. आत जिजाऊ आणि बालशिवाजी यांची मूर्ती आहे. शिवबा हातातली छोटी तलवार आईला दाखवत आहेत, अशी ती मांडणी महाराष्ट्रातल्या प्रत्येकाने निदान चित्रात तरी पाहिलेली असते. मूर्ती सुरेख आहे आणि तिच्यासमोर उभे राहिल्यावर मनात जे येते ते खोटे नसते. पण सिंदखेडराजा ते पाचाड या वाटेवर आम्हाला जिजाऊ भेटल्या त्या बहुतेक याच रूपात, तरुण आई आणि सहा-सात वर्षांचा मुलगा. पिकल्या केसांच्या जिजाऊ आणि त्यांचे बोट धरलेले शंभूराजे असे शिल्प निदान या प्रवासात तरी मला कुठे दिसले नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत शिवनेरी, राजगड आणि रायगड हे आमच्या वाटेवरचे तिन्ही गड आहेत. बाळंतपण, संसार आणि अखेर, या बाईचे तिन्ही टप्पे वारशाच्या एकाच यादीत आले, हे त्या निमित्ताने ध्यानात आले.

दुपारी उतरून पुण्याकडे निघालो आणि संध्याकाळी कसब्यात शिरलो. आदिलशाहीच्या वतीने मुरार जगदेवाने पुणे जाळून, त्यावर गाढवाचा नांगर फिरवून गाव बेचिराख केले होते. त्याच सुमारास, १६३० ते १६३२ या काळात, दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. अशा ओसाड जहागिरीत लहान मुलाला घेऊन जिजाऊ राहायला आल्या. सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून त्यांनी जमीन पुन्हा लागवडीखाली आणवली, ही परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. कसबा गणपतीची प्रतिष्ठापनाही त्यांच्याच नावाने सांगितली जाते. त्या गणपतीला आजही पुण्यात पहिला मान आहे. संध्याकाळच्या आरतीला उभे राहिले की गाव पुन्हा वसवणे म्हणजे आधी लोकांच्या मनातली भीती घालवणे, हे त्या बाईला किती नेमके कळले होते ते लक्षात येते.

लाल महालाची आजची वास्तू महापालिकेने विसाव्या शतकात बांधलेली आहे. मूळ वाड्याचे काहीच उरलेले नाही. नातवाला शायिस्तेखानाची बोटे नेमकी कुठे तुटली ती जागा हवी होती. ती त्याला मिळाली नाही, त्यामुळे तो थोडा नाराज झाला. जिजाऊंच्या हुकुमाची काही पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत वतनाचे तंटे आहेत, इनामांच्या तक्रारी आहेत, कोणाला त्रास देऊ नये अशी ताकीद आहे. पोवाड्यांमधल्या जिजाऊ मुलाला रामायण-महाभारत सांगतात, पत्रांमधल्या जिजाऊ लोकांची भांडणे मिटवतात. मला दुसऱ्या अधिक जवळच्या वाटतात, आणि मुलगा न्यायनिवाडा शिकला तो पहिल्यांपेक्षा दुसऱ्यांकडून, असा माझा ठाम समज आहे.

थोरला मुलगा संभाजीराजे वडिलांबरोबर कर्नाटकात गेला आणि कनकगिरीच्या लढाईत मारला गेला. ही बातमी जिजाऊंना पुणे प्रांतातच कळली असणार. त्याची कसलीही खूण पुण्यात नाही.

चौथा दिवस : कापूरहोळ आणि राजगड

ज्या दिवसासाठी मी या प्रवासाचा हट्ट धरला तो हा दिवस. सातारा रस्त्याने नसरापूर फाटा ओलांडून आधी कापूरहोळला गेलो. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर शंभूराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती नाजूक होती, बाळाला अंगावर दूध मिळेना, तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातल्या धाराऊंनी त्याला दूध पाजले. धाराऊंचे नाव इतिहासात टिकले याचे मला फार अप्रूप वाटते; दूध पाजणाऱ्या बायकांची नावे सहसा टिकत नाहीत. गावात थांबून चहा घेतला. टपरीवरच्या मुलाने आम्ही विचारण्याआधीच, "धाराऊंचं गाव म्हणून आलात ना?" असे विचारले. पुरंदरावर लष्कराची परवानगी घेऊन जावे लागते, तो बेत आम्ही आधीच सोडून दिला होता.

मागे वळून पाली गावाकडून राजगड चढायला घेतला. पालीची वाट हा राजमार्ग, इतर वाटांच्या मानाने सोपा. तरी अर्ध्या वाटेत ताईने एका दगडावर बसून, "तुम्ही व्हा पुढे, मी आले," असे तीनतीनदा म्हटले आणि प्रत्येक वेळी नातू मागे येऊन तिच्या शेजारी बसला. पाली दरवाजातून पद्मावती माचीवर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. बालेकिल्ल्याकडे नजर टाकल्यावर तिकडे जायचे नाही यावर आमचे एकमत झाले.

पद्मावती देवीच्या मंदिरासमोर एक समाधी आहे, ती सईबाईंची असे सांगतात. ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाई राजगडावर वारल्या. अफझलखान तेव्हा स्वराज्यावर चालून येत होता. शिवाजी महाराज प्रतापगडाच्या तयारीत होते आणि नोव्हेंबरात ती भेट झाली. शंभूराजे सव्वादोन वर्षांचे होते आणि त्यांच्या बहिणी सखूबाई, राणूबाई, अंबिकाबाई याही लहानच. नातवंडांनी भरलेले हे घर एकसष्ट वर्षांच्या जिजाऊंकडे आले. महाराजांच्या इतर राण्या होत्या, दासदासी होत्या, धाराऊ होत्या. तरीही शंभूराजांच्या वाढीविषयी लिहिताना प्रत्येकाला जिजाऊंपाशी यावे लागते.

पुढच्या वर्षांत या गडावर जे काही घडले ते एका मुलाच्या वयाने मोजून पाहावे. शहाजीराजे होदिगेरीजवळ शिकारीत घोड्यावरून पडून गेले ती तारीख २३ जानेवारी १६६४. शिवाजी महाराज सुरतेवरून परत आले तो ही बातमी राजगडावर पोहोचत होती. जिजाऊंनी सती जाण्याची तयारी केली आणि महाराजांनी आईच्या गळ्यात पडून, शपथा घालून त्यांना परावृत्त केले, असे बखरीत आहे. शंभूराजे तेव्हा साडेसहा वर्षांचे होते. बखरकाराने मुलाचा आकांत नोंदवला, नातवाचा नाही. पण आई गेलेली, आणि आता आजीही चितेवर चढायला निघालेली, हे कळण्याइतके ते मूल मोठे होते. जिजाऊ थांबल्या त्यात मुलाच्या शपथेइतकाच या मुलाचाही वाटा असावा, असे मी ताईला म्हणाले. ताईला त्यात शंकाच नव्हती. "मुलगा चौतिशीचा होता, राज्य चालवत होता. तो आईवाचून मरत नव्हता," असे ती म्हणाली.

पुढच्याच वर्षी, १६६५ च्या जूनमध्ये, पुरंदरचा तह झाला. तहाच्या हमीसाठी आठ वर्षांच्या शंभूराजांना मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत पाठवले गेले. ५ मार्च १६६६ रोजी महाराज शंभूराजांना घेऊन राजगडावरून आग्र्याला निघाले, तेव्हा राज्याचा कारभार जिजाऊंच्या देखरेखीखाली ठेवलेला होता. १७ ऑगस्टला आग्र्याहून सुटका झाली आणि वाटेत मथुरेला महाराजांनी शंभूराजांना मोरोपंत पिंगळ्यांच्या नात्यातल्या ब्राह्मण कुटुंबाकडे ठेवले. नऊ वर्षांचे मूल बरोबर असते तर दोघेही पकडले गेले असते. महाराज गोसाव्याच्या वेषात राजगडावर पोहोचले आणि आईच्या पायांवर डोके ठेवले, हा प्रसंग आपल्याकडे नाटकांतून आणि चित्रांतून असंख्य वेळा रंगला आहे. त्या चित्रात नातू नाही. तो अजून परमुलखात, परक्या घरी, परक्या नावाने राहत होता. मुघलांनी शोध थांबवावा म्हणून शंभूराजे वाटेत वारले अशी हूल उठवण्यात आली आणि त्यानंतर काही काळाने मुलगा सुखरूप राजगडावर आणला गेला.

ती बातमी खोटी आहे हे जिजाऊंना ठाऊक होते का? मला वाटते, असणारच; राज्य चालवणाऱ्या बाईपासून राज्याची मसलत कोण लपवील? ताईचे म्हणणे वेगळे होते. मसलत ठाऊक असली तरी मूल डोळ्यांना दिसेपर्यंत कोणतीही आजी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. शिवाय सांत्वनाला येणाऱ्या बायकांसमोर रडण्याचे सोंग करावे लागले असेल ते निराळेच. आम्ही हे बोलत होतो तेव्हा ज्याच्या वयावरून बोलणे चालले होते तो नऊ वर्षांचा मुलगा सदरेच्या जोत्यावर बसून केळे खात होता. त्याने मध्येच विचारले, "आजी, संभाजीराजे मथुरेत रडले नसतील?" ताई म्हणाली, "रडले असतील. पण हळू." नंतर उतरताना तिने त्याचा हात पाली गाव येईपर्यंत सोडला नाही. उतार घसरडा होता, हेही खरे.

पायथ्याच्या पाल गावाजवळ शिवापट्टण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाड्याचे अवशेष आहेत. तिन्हीसांजा झाल्यामुळे ते जोते आम्ही धावतच पाहिले आणि भोरला मुक्कामाला गेलो.

पाचवा दिवस : वरंधा घाट आणि रायगड

वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे बहुधा बंद असतो. जानेवारीत तो कोरडा, निर्मनुष्य आणि धुळीचा होता. वळणांवर ताईचा नातू दोनदा ओकला आणि मग स्वस्थ झोपला. महाडला जेवून हिरकणीवाडीला आलो आणि पायऱ्यांचा विचारही मनात न आणता रोपवेने रायगडावर गेलो.

गडावर पहिली गोष्ट ऐकायला मिळाली ती अर्थातच हिरकणीची. संध्याकाळी दरवाजे बंद झाल्यावर घरी राहिलेल्या तान्ह्यासाठी सरळसोट कडा उतरून गेलेली ती गवळण, आणि तिच्या नावाचा तो बुरूज. महाराष्ट्राला आई म्हटली की कडा उतरणारी किंवा छत्रपती घडवणारी लागते, त्याखालचे काही चालत नाही.

होळीचा माळ, बाजारपेठ, नगारखाना, राजसदर असे करत जगदीश्वराच्या देवळापर्यंत गेलो. ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला तेव्हा जिजाऊ शहात्तर वर्षांच्या होत्या. गागाभट्टांनी विधी केले आणि मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन दरबारात हजर होता. या सोहळ्यात शंभूराजे युवराज झाले, त्यांचे वय सतरा. राजसदरेच्या त्या उतरत्या उन्हात उभे राहून मी माझ्यापुरती एक बेरीज केली. राजाची आई आणि युवराजाची आजी ही एकच बाई होती. राजाला तिने नवऱ्याच्या गैरहजेरीत वाढवले आणि युवराजाला सुनेच्या पश्चात. पहिल्या कामाबद्दल तिला राष्ट्रमाता म्हणतात. दुसरे काम तिने साठी उलटल्यावर केले, पण त्याची नोंद फारशी कोणी घेत नाही.

मुक्कामाला खाली पाचाडला उतरलो.

सहावा दिवस : पाचाड

रायगडावरचा वारा आणि थंड, दमट हवा उतारवयात मानवेना, म्हणून जिजाऊंसाठी पाचाडला वाडा बांधला गेला. वाड्याच्या तटाच्या भिंती, दरवाजाची जागा आणि आतली जोती आज दिसतात. आत विहिरी आहेत. त्यांतल्या एकीला तक्क्याची विहीर म्हणतात, कारण तिच्या काठाशी बसून पाठ टेकता येईल असा दगडी तक्क्या घडवलेला आहे. दगडाचा लोड, बरोबर पाठीच्या उंचीला. मी त्याला पाठ लावून पाहिली. सकाळी तो गार लागतो, पण टेकायला चांगला आहे. ज्याने तो घडवला त्याला पाणी भरायला आलेल्यांच्या गप्पा ऐकत बसणारे वयस्क माणूस नजरेसमोर असावे. या सगळ्या प्रवासात जिजाऊंच्या अंगासरशी बेतलेली म्हणता येईल अशी मला दिसलेली वस्तू ही एवढीच.

राज्याभिषेकानंतर बाराव्या दिवशी, १७ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ वद्य नवमीला, याच वाड्यात जिजाऊ गेल्या. त्या वेळी राजारामराजे चार वर्षांचे होते. समाधी वाड्यापासून थोड्या अंतरावर आहे. परिसर स्वच्छ ठेवलेला आहे, झाडे लावली आहेत. आम्ही होतो तेव्हा रायगडावरून उतरलेली कॉलेजातल्या मुलांची एक तुकडी आली, त्यांनी चपला काढल्या, घोषणा दिली आणि फोटो काढून ती महाडच्या गाडीसाठी पळाली. ताईने बरोबर आणलेली शेवंतीची वेणी समाधीवर वाहिली. नातवाने वाहायला आणलेले फूल रस्त्यात कुठेतरी पडले होते, तेव्हा त्याने खिशातून शिवनेरीवर उचललेला एक खडा काढून ठेवू का असे विचारले. ताईने त्याला ठेवू दिला.

त्याच वर्षी, २४ सप्टेंबर १६७४ रोजी, रायगडावर दुसरा राज्याभिषेक झाला, तो निश्चलपुरी गोसाव्यांनी तांत्रिक पद्धतीने केला. पहिल्या विधीत उणिवा राहिल्या म्हणून अपशकुन झाले, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्या अपशकुनांत सेनापती प्रतापराव गुजर व महाराजांच्या राणी काशीबाई यांच्याबरोबर जिजाऊंच्या मृत्यूचाही समावेश होता. शहात्तर वर्षांच्या बाईचे मुलाच्या राज्याभिषेकानंतर जाणे हा अपशकुन कसा, हे मला कधी पटलेले नाही. ताईच्या मते त्या मुद्दाम तेवढ्यासाठी थांबल्या होत्या. पण असल्या बोलण्याला पुरावा नसतो, आणि ते प्रत्येक घरातल्या म्हातारीबद्दल बोलले जाते, हे मी तिला सांगितले.

महाडकडे परतताना आमचे खरे भांडण झाले. जिजाऊ गेल्यानंतर चार वर्षांनी, १६७८ च्या डिसेंबरात, शंभूराजे मुघल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले आणि वर्षभराने परत आले. १६८० साली महाराज गेल्यावर राजारामराजांना गादीवर बसवण्याचा घाट घातला गेला आणि भोसल्यांच्या घरातली फूट चव्हाट्यावर आली. मी म्हणाले, जिजाऊ असत्या तर हे झाले नसते. राजारामराजांच्या आई सोयराबाई, शंभूराजे आणि महाराज या तिघांनाही ज्यांच्यासमोर आवाज चढवता आला नसता असे माणूस त्या घरात एकच होते. मला हे अगदी उघड वाटत होते. ताई, जी दहा वर्षे एकाच छपराखाली मुलगा, सून आणि नातू यांच्याबरोबर राहते आहे, खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "घरात वडीलधारं माणूस असलं की घर फुटत नाही, हा वडीलधाऱ्यांचाच समज आहे गं. त्या असत्या तर त्यांना मुलगा आणि नातू यांच्यात एक निवडावा लागला असता. बरं झालं, आधी गेल्या."

मी बिरवाडी फाट्यापर्यंत प्रतिवाद करत राहिले. तिला काही ते पटले नाही, आणि तिचे मला पूर्ण पटले असे अजूनही म्हणवत नाही.